सात फुटी पोरगा आणि दोन नियम

एनबीए बघणाऱ्या मराठी लोकांची एक छोटीशी जमात आहे. अमेरिकेत रात्र असते तेव्हा आपल्याकडे सकाळ, त्यामुळे ही जमात भल्या पहाटे डोळे चोळत मॅच बघते आणि मग ऑफिसात जांभया देत मीटिंगला उभी राहते. मीही त्यातलाच. या जमातीत एक वाद ठरलेला असतो. रिंगच्या वर कुणाचा तरी हात बॉलला लागतो, रेफ्री शिट्टी फुंकतो, आणि एक जण ओरडतो, "गोलटेंडिंग!" दुसरा म्हणतो, "गप रे, बास्केट इंटरफिअरन्स आहे तो." तिसरा (हा बहुतेक क्रिकेटवाला असतो) विचारतो, "काय फरक पडतो? पॉइंट तर मिळालेच ना?"

तिसऱ्याचा प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. शिक्षा दोन्ही गुन्ह्यांना एकच आहे. बचाव करणाऱ्यानं केलं तर बॉल आत गेला असं धरून समोरच्याला पॉइंट. शॉट मारणाऱ्याच्याच टीममधल्या कुणी केलं तर बास्केट रद्द आणि बॉल समोरच्यांना. दोन फंक्शन्स आहेत, दोघांचं आउटपुट तेच. कोड रिव्ह्यूला कुणी असं काही पाठवलं तर आपण लगेच कॉमेंट टाकू, "मर्ज कर बाबा." एनबीएच्या नियमपुस्तकात तर हे दोन्ही खरोखरच एकाच प्रकरणात, अकराव्या नियमात, शेजारी शेजारी नांदतात.

पण कुठल्याही जुन्या सिस्टिममध्ये काम केलेल्या माणसाला माहीत असतं, की एकसारखी दिसणारी दोन फंक्शन्स शेजारी असली की त्यामागे बहुधा काहीतरी इतिहास असतो. इथेही आहे. यातला एक नियम खेळाच्या जन्मापासूनचा आहे. दुसरा तब्बल ५३ वर्षांनी आला, आणि तो आला मुख्यतः ओक्लाहोमातल्या एका कॉलेजात शिकणाऱ्या एका उंच पोरामुळे.

आधी दोन्ही नियम म्हणजे काय ते बघू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. गोलटेंडिंग हा उडत्या बॉलचा नियम आहे. कुणीतरी शॉट मारलाय, बॉल वर जाऊन आता खाली यायला लागलाय, पूर्णपणे रिंगच्या पातळीच्या वर आहे, अजून रिंगला टेकलेला नाही आणि आत जायची शक्यता आहे. अशा बॉलला हात लावायचा नाही. वर चढत असताना लावा, तो सुंदर ब्लॉक; लोक टाळ्या वाजवतील. माथा ओलांडून बॉल खाली वळला की तोच हात गुन्हा. बास्केट इंटरफिअरन्स हा टोपलीचा नियम आहे. बॉल रिंगवर घुटमळतोय किंवा जाळीत आहे, अशा वेळी बॉलला, रिंगला किंवा जाळीला हात लावायचा नाही, रिंग हलवायची नाही, खालून जाळीत हात घालून बॉल बाहेर ढकलायचा नाही. अमेरिकेत यात आणखी एक गोष्ट येते. रिंगच्या बरोबर वर एक काल्पनिक नळकांडं उभं आहे असं समजायचं, आणि बॉलचा काही भाग त्या नळकांड्यात असेपर्यंत त्याला शिवायचं नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी: गोलटेंडिंग म्हणजे एलबीडब्ल्यू. पाय मध्ये नसता तर बॉल स्टंपवर गेला असता का, हा प्रश्न. अंपायरला न घडलेल्या गोष्टीबद्दल निर्णय द्यावा लागतो. बास्केट इंटरफिअरन्स म्हणजे हिट विकेट. स्टंपला धक्का लागला की नाही एवढंच बघायचं. ही तुलना मला आणखी एका कारणासाठी आवडते. क्रिकेटच्या १७४४ च्या नियमांत एलबीडब्ल्यू नव्हता. तो १७७४ मध्ये आला. बॅटऐवजी पाय पुढे करून विकेट वाचवता येते हे फलंदाजांच्या ध्यानात आल्यावर तो करावा लागला. बास्केटबॉलचीही गोष्ट साधारण अशीच आहे, फक्त पायांच्या जागी हात आणि उंची.

तर डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव आहे, तिथे वायएमसीएचं प्रशिक्षण विद्यालय होतं. तिथल्या जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या कॅनेडियन शिक्षकाला सांगण्यात आलं, की हिवाळ्यात बाहेर खेळता येत नाही आणि पोरं आत कवायत करून कंटाळली आहेत, तेव्हा बंदिस्त जागेत खेळता येईल असा काहीतरी खेळ काढ. नेस्मिथनं १३ नियम लिहून काढले आणि व्यायामशाळेच्या दोन टोकांना, गॅलरीच्या कठड्याला, पीचची फळं ठेवायच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. आजही रिंग दहा फुटांवरच आहे. कुणीतरी घाईत टाकलेली डीफॉल्ट व्हॅल्यू सव्वाशे वर्षांहून जास्त काळ प्रॉडक्शनमध्ये चालते, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

पण टोपली वर टांगण्यामागे नेस्मिथचा विचार मात्र घाईतला नव्हता. गोल जमिनीवर उभा असला तर लोक जोर लावून बॉल हाणतात, आणि बंद खोलीत ते धोक्याचं. गोल आडवा ठेवला तर बॉल कमान करून हळुवार टाकावा लागेल. शिवाय गोल डोक्याच्या वर असेल तर बचाव करणारे त्याच्याभोवती घोळका करून उभे राहू शकणार नाहीत, आणि एकदा बॉल हातातून सुटला की त्याला मध्ये कुणी अडवायची शक्यता उरणार नाही. म्हणजे बघा, गोलटेंडिंग होऊ नये ही इच्छा पहिल्या दिवसापासून होती. फक्त त्यासाठी नियम लिहायची गरज नेस्मिथला वाटली नाही. दहा फुटांची उंची हाच नियम. हार्डवेअरनंच अडवलंय म्हटल्यावर सॉफ्टवेअरमध्ये चेक कशाला टाकायचा?

टोपलीचं मात्र तसं नव्हतं. टोपली हलवता येते. म्हणून त्या १३ नियमांतल्या आठव्या नियमात, गोल कधी झाला असं मानायचं ते सांगतानाच, नेस्मिथनं दोन गोष्टी घातल्या. बचाव करणाऱ्यांनी टोपलीला हात लावायचा नाही, तिला धक्का द्यायचा नाही. आणि बॉल टोपलीच्या काठावर अडकलेला असताना प्रतिस्पर्ध्यानं टोपली हलवली, तर गोल झाला असं धरायचं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार मजा वाटली. ड्रिबलिंगचा पत्ता नाही, तीन पॉइंट वगैरे तर फार दूर, पहिल्या सामन्यात एकूण एकच गोल झाला. पण बास्केट इंटरफिअरन्स आहे! आणि त्याची आजची शिक्षासुद्धा तिथेच आहे, "गेला असं समजा" ही.

हस्तक्षेपाचा पुढचा त्रास खेळाडूंकडून नाही, प्रेक्षकांकडून झाला. टोपल्या गॅलरीला ठोकलेल्या, आणि गॅलरीत बघे. मग काय, आपल्या टीमचा शॉट जरा इकडे तिकडे चालला तर वाकून मदत करायची आणि समोरच्यांचा असेल तर हात मध्ये घालायचा. काही वर्षांतच टोपलीच्या मागे बोर्ड आला तो या लोकांना अडवायला. बोर्डवर आपटून शॉट मारणं ही नंतर सापडलेली सोय. इथेसुद्धा उपाय हार्डवेअरचाच होता हे लक्षात घ्या.

पुढची चाळीसेक वर्षं सगळं ठीक चाललं. उंच खेळाडू येत होते, पण फार उंच माणूस म्हणजे ढिम्म, पायात पाय अडकणारा, असं प्रशिक्षक धरून चालत. १९४० च्या सुमाराला हे गृहीतक मोडलं. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मायर या प्रशिक्षकानं सहा फूट दहा इंचांच्या, जाड चष्मा लावणाऱ्या जॉर्ज मायकनला घडवायला घेतलं. आणि तिकडे स्टिलवॉटर गावी, ओक्लाहोमा ए अँड एम कॉलेजात, हेन्री आयबा या कडक प्रशिक्षकाच्या हाताखाली सात फुटांचा बॉब कुरलँड आला. सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. असा माणूस नुसते हात वर करून उभा राहिला तरी रिंग फूटभर दूर उरते, आणि उडी मारायला शिकला तर संपलंच.

कुरलँड उडी मारायला शिकला. बचावाची पद्धत अशी की बाकीचे चौघे पुढे अडवणार आणि कुरलँड टोपलीखाली उभा राहणार. समोरच्यांनी शॉट मारला, तो अगदी बरोबर टोपलीत पडतोय, की हा वर उडून बॉल टोलवणार किंवा चक्क पकडणार. नियमाप्रमाणे चूक काहीच नाही! टोपलीला हात लावलेला नाही, रिंग हलवलेली नाही. आठवा नियम त्याला लागूच होत नव्हता. नेस्मिथ १९३९ मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या हार्डवेअरची हमी एका विद्यार्थ्यानं मोडलेली त्याला बघावी लागली नाही.

इथे गोष्ट खरी रंगते, कारण प्रश्न आता निव्वळ तांत्रिक राहिला नाही. खेळ तुटलाय हे सगळ्यांना दिसत होतं. नेम धरून मारलेला शॉट जर टोपलीच्या तोंडाशी कुणी झेलत असेल तर नेमाला अर्थ काय? पण दुरुस्ती कशाची करायची, खेळाची की माणसाची? कॅन्ससचा प्रशिक्षक फॉग अ‍ॅलन हा या वादातला सगळ्यात मोठा आवाज. हा खुद्द नेस्मिथच्या हाताखाली तयार झालेला. त्याला या उंच पोरांचा भयंकर राग. ग्रंथी बिघडलेले राक्षस अशा थाटाची भाषा त्यानं कुरलँडसारख्यांबद्दल उघडपणे वापरली, आणि रिंग दहावरून बारा फुटांवर न्या अशी मोहीम वर्षानुवर्षं चालवली. विचार करा, विशीतला मुलगा आहे, शाळेपासून उंचीवरून टोमणे खात आलेला, आणि देशातला एक मान्यवर प्रशिक्षक त्याला जाहीरपणे विकृती म्हणतोय.

(पुढची गंमत इथेच सांगून टाकतो. याच अ‍ॅलननं १९५५ मध्ये कुणाला कॅन्ससला आणलं? सात फुटी विल्ट चेंबरलेनला. तत्त्वं एकीकडे आणि आपली टीम एकीकडे. दैवाचा न्याय असा की विल्ट मुख्य संघात यायच्या आधीच, १९५६ मध्ये, सत्तरीच्या नियमानं अ‍ॅलनला निवृत्त व्हावं लागलं.)

नियम करणाऱ्या समितीनं अ‍ॅलनचं ऐकलं नाही, आणि माझ्या मते हा बास्केटबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात शहाण्या निर्णयांपैकी एक आहे. रिंग वर नेली असती तर सामान्य उंचीच्या प्रत्येक खेळाडूचा नेम बिघडला असता, आणि उंच माणसाचा फायदा तरीही उरला असता. बारा फुटांवरसुद्धा सात फुटी माणूस इतरांपेक्षा जवळच असतो. उंचीवर बंदी घातली असती तर तो उघड अन्याय. समितीनं नेमकी कृती पकडली. १९४४-४५ च्या हंगामापासून अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये बचाव करणाऱ्यानं खाली येणाऱ्या बॉलला हात लावण्यावर बंदी आली. नेस्मिथनं उंचीवर सोपवलेली गोष्ट आता शब्दांत लिहावी लागली. त्याच हंगामात बाद होण्यासाठीच्या वैयक्तिक फाउलची संख्याही चारवरून पाच झाली. ती मायकनच्या बाबतीत पुढे लागेल.

अपेक्षा अशी होती की आता कुरलँडचं काय उरतं? उरलं ते भरपूर. १९४५ मध्ये ओक्लाहोमा ए अँड एमनं न्यूयॉर्क विद्यापीठाला ४९-४५ असं हरवून एनसीएए स्पर्धा जिंकली. १९४६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला ४३-४० नं हरवून पुन्हा जिंकली. लागोपाठ दोन वर्षं ती जिंकणारा हा पहिला संघ, आणि दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडू कुरलँड. १९४५ च्या विजेतेपदानंतर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेड क्रॉसच्या मदतीसाठी एक खास सामना झाला: एका बाजूला कुरलँड, दुसऱ्या बाजूला मायकनचं डीपॉल. दोन राक्षसांची कुस्ती बघायला लोक आले. मायकन अवघी १४ मिनिटं खेळून पाच फाउल होऊन बाहेर बसला आणि ओक्लाहोमानं सामना ५२-४४ असा घेतला. थोडक्यात, टोपलीच्या तोंडाशी झेल घेणं बंद झाल्यावर कुरलँडला योग्य वेळी, म्हणजे बॉल वर चढत असताना, अडवायला शिकावं लागलं आणि तो ते शिकला. ज्याला आज आपण शॉट ब्लॉकिंग म्हणतो ती कला या बंदीनंतरच खरी बहरली. पुढे तो व्यावसायिक लीगमध्ये गेलाच नाही. फिलिप्स तेल कंपनीत नोकरी, तिच्या हौशी संघातून खेळ आणि १९४८ व १९५२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. २०१३ मध्ये तो वारला.

आता १९४४ च्या नियमात एक भोक होतं. तो फक्त बचाव करणाऱ्यांसाठी होता. आपल्याच टीममेटचा शॉट चुकतोय असं दिसल्यावर रिंगच्या वर हात नेऊन त्याला आत ढकललं तर? सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या बिल रसेलनं हे इतकं सफाईनं केलं की त्या संघानं १९५५ आणि १९५६ अशी दोन विजेतेपदं नेली. मग १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेही बंद झालं. रिंगसमोरचा चौकोन, ज्यात आक्रमण करणाऱ्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, तो एनबीएनं मायकनमुळे १९५१ मध्येच सहावरून बारा फूट रुंद केला होता. रसेलच्या काळात कॉलेजांनीही केला. एकेका माणसामागे एकेक पॅच. रिलीज नोट्स लिहायच्या तर नुसती उंच लोकांची हजेरी होईल.

सगळेच पॅच शहाणे नव्हते. १९६७ मध्ये यूसीएलए विद्यापीठाचा ल्यू अल्सिंडर, म्हणजे १९७१ पासूनचा करीम अब्दुल-जब्बार, पहिल्याच हंगामात एकही सामना न हरता विजेता झाला. सात फूट दोन इंच. त्यानंतर कॉलेज बास्केटबॉलनं डंकवरच बंदी घातली. कारणं दिली ती दुखापती आणि रिंग मोडतात अशी, पण रोख कुणावर होता ते कुणापासून लपलं नव्हतं. अल्सिंडरनं तेव्हाच म्हटलं, की डंक करणारे बहुतेक खेळाडू काळे आहेत आणि या नियमाला भेदभावाचा वास येतो. कुरलँडच्या वेळच्या नियमाशी हा ताडून बघा. तिथे खेळातली एक खरी गोष्ट, नेमाची किंमत, वाचवायची होती. इथे वाचवायचं काय होतं? बॉल हातात धरून टोपलीत घालण्यानं कुणाचा शॉट अडत नव्हता. यूसीएलए १९६८ आणि १९६९ मध्येही जिंकलंच; अल्सिंडरचा हुकमी स्कायहूक तर बंदीच्या काळात आणखीच धारदार झाला. नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या डेव्हिड थॉम्पसननं हवेत उंच पास झेलून बॉल रिंगमध्ये अलगद सोडायचा अ‍ॅली-ऊप लोकप्रिय केला तोही याच काळात. १९७६-७७ च्या हंगामापासून डंक परत आला.

आणि परत आलेल्या डंकमुळे जुन्या नियमाची एक मजेदार अडचण दिसते. डंक करताना माणूस काय करतो? बॉल रिंगच्या वरच्या त्या काल्पनिक नळकांड्यात नेतो आणि हात रिंगला लावतो. म्हणजे शब्दशः बास्केट इंटरफिअरन्स! म्हणून अमेरिकन नियमांत अपवाद आहे: हात बॉलला आधीपासून, बाहेर असल्यापासून, कायदेशीरपणे लागलेला असेल तर तो तसाच आत गेला किंवा ओघात रिंगला लागला तरी चालतं. टीव्हीवरचा प्रत्येक डंक या एका अपवादावर लटकलेला आहे.

आता आपल्याकडच्या गोंधळाचं मूळ. भारतात कॉलेज आणि क्लबचे सामने फीबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांनी होतात. आणि आम्ही वाढलो एनबीए बघून. फीबात ते नळकांडं नाही. शॉट रिंगला एकदा टेकला की रिंगच्या वर उसळलेल्या बॉलला कुणीही हात लावावा, बचाव करणाऱ्यानं टोलवावा, आक्रमण करणाऱ्यानं आत ढकलावा. इंजिनिअरिंगला असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका सामन्यात हे बघितलंय. रिंगवर दोनदा नाचलेला बॉल समोरच्या सेंटरनं झाडूनं जळमट काढावं तसा उडवला, आणि आमची अख्खी गॅलरी "गोलटेंडिंग, गोलटेंडिंग" म्हणून बोंबलत होती. रेफ्री काका शांतपणे खेळ चालू ठेवून पळत गेले. एनबीएत ती शिट्टी पक्की होती, आणि तीसुद्धा गोलटेंडिंगची नव्हे, इंटरफिअरन्सची. बॉल रिंगला टेकल्यावर गोलटेंडिंगचा विषय संपतो. त्यापुढे बास्केट इंटरफिअरन्सचं राज्य. फरक लक्षात ठेवायचा तर हा एवढा.

बोर्डचंही एक उपकलम आहे. एनबीएत शॉट रिंगच्या पातळीच्या वर बोर्डला लागला की बॉल वर चाललेला असो की खाली, हात लावला तर गोलटेंडिंग. १९ जून २०१६ चा तो लेब्रॉन जेम्सचा ब्लॉक आठवतोय? अंतिम लढतीचा सातवा सामना, ८९-८९ अशी बरोबरी, दोनएक मिनिटं बाकी. आंद्रे इग्वादाला रिंगकडे सुटलाय, आणि अर्ध्या कोर्टवरून धावत आलेला लेब्रॉन बॉल बोर्डवर दाबून अडवतो. आधी हात लागला, मग बोर्ड. क्षणभर उलट झालं असतं तर दोन पॉइंट गोल्डन स्टेटला. क्लीव्हलँडनं तो सामना ९३-८९ जिंकला.

पण सगळ्यात अवघड राहतो तो "आत जायची शक्यता" हा शब्दप्रयोग. १९ मार्च २०१५ ला लुईव्हिलमध्ये एनसीएए स्पर्धेत सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ यूसीएलएच्या पुढे होतं, ५९-५७. शेवटची काही सेकंदं. यूसीएलएच्या ब्राइस अल्फर्डनं लांबून तीन पॉइंटचा शॉट मारला. बॉल खाली येताना बघणाऱ्या अनेकांना तो डावीकडे भरकटलेला वाटत होता. यानिक मोरेरानं रिंगपाशी त्याला हात लावला. शिट्टी. गोलटेंडिंग. तीन पॉइंट. यूसीएलए ६०-५९ जिंकलं आणि दुसऱ्यांचा हंगाम तिथेच संपला. तेव्हा कॉलेजच्या सामन्यांत हा निर्णय व्हिडिओवर तपासायची सोयही नव्हती. तो बॉल आत गेला असता का? मी ती क्लिप पंचवीसेक वेळा तरी बघितली असेल. मला वाटतं नसता गेला. पण मोरेराचा हात लागला त्या क्षणी तो बॉल रिंगच्या वर होता, खाली येत होता आणि रिंगच्या अगदी जवळ होता. अशा वेळी रेफ्रीनं शिट्टी गिळायची कुठल्या भरवशावर? तीन पावलं मागून, वर मान करून, एका झटक्यात ठरवायचं होतं. मोरेरानं अर्धा सेकंद थांबून बॉल रिंगला टेकू दिला असता तर गोलटेंडिंगचा प्रश्नच उरला नसता.

२०१९-२० पासून कॉलेजच्या पुरुषांच्या सामन्यात शेवटच्या दोन मिनिटांत अशी शिट्टी वाजली तर ती व्हिडिओवर बघता येते, आणि एनबीएत त्याच हंगामापासून प्रशिक्षक गोलटेंडिंग किंवा इंटरफिअरन्सच्या शिट्टीला आव्हान देऊ शकतात. इंटरफिअरन्स तपासणं सोपं: फ्रेम थांबवा, हात कुठे, रिंग कुठे, बघा. गोलटेंडिंगला फ्रेम थांबवून अर्धंच उत्तर मिळतं. बॉल वर होता की खाली, ते कळेल. पुढे कुठे गेला असता, ते फ्रेममध्ये नसतं. एनबीएनं २०२३-२४ च्या हंगामापासून यासाठी कुठले कॅमेरे घेतले माहीत आहे? हॉक-आय. तेच, जे आपल्याला एलबीडब्ल्यूत लाल-निळ्या रेषा काढून दाखवतात आणि ज्यांच्यावरून आपण सोफ्यावर बसून अंपायरला शिव्या घालतो. त्यांचं एक जाहीर केलेलं काम म्हणजे गोलटेंडिंग पकडायला मदत करणं. तेव्हा पहाटेच्या जमातीनं "अंपायर्स कॉल" हा शब्द हाताशी ठेवायला हरकत नाही.